शून्याची राखण

दसरा होऊन गेला, आपट्याची पाने वाटून झाली, आणि आता फराळाच्या ताटाबरोबर हा अंक वाचकांच्या हाती आला आहे. अशा वेळी आपट्याचे नाव काढले की ‘सोने’ आठवणे साहजिकच! परंतु या लेखातला आपटा झाडाचा नव्हे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले म्हणजे सोमटणे, रसायनी आणि मग आपटा अशी स्थानके लागतात, तो हा आपटा. वाचकांपैकी निम्म्यांनी तरी हे स्थानक पाहिलेले आहे, फक्त त्यांना ते ठाऊक नाही. १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाच्या अखेरीस नायिका सुटलेल्या गाडीमागे धावते, तो प्रसंग येथेच चित्रित झाला. पडद्यावर पंजाब, प्रत्यक्षात पनवेल तालुका!

या गावाजवळून पाताळगंगा वाहते. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून धावतात आणि होळीच्या सुमारास त्यांच्या पात्रात पोरे क्रिकेट मांडतात. पाताळगंगा मात्र भर वैशाखातही वाहती असते. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी बांधलेल्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात उतरते आणि वीज निर्माण करून झाल्यावर याच नदीत सोडले जाते. बारमाही पाणी आणि मुंबईची जवळीक, मग कारखाने येथे आले यात नवल ते काय? १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने रसायनीत आपला संसार मांडला. ऐंशीच्या दशकात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना आला, औषधांचे कारखाने आले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्थान ऑर्गॅनिकचा रसायनीतील पसारा बंद करण्याचा निर्णय घेतला. रॉकेटमधील इंधन जाळण्यासाठी लागणारे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार करणारा विभाग तेवढा इस्रोकडे सोपवायचे ठरले.

आता रंगासाठी लागणारे अॅनिलीन, साडीचा पॉलिएस्टर धागा आणि तापावरची गोळी या तीन वस्तूंत साम्य कोणते? तिन्ही तयार होताना कधी ना कधी भांड्यातली हवा काढून घ्यावी लागते. आपल्याकडे रिकामी जागा फुकट मिळते असा समज आहे. रसायनाच्या कारखान्यात मात्र ती पैसे मोजून तयार करावी लागते, आणि तयार केल्यावर क्षणोक्षणी राखावी लागते, कारण बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाने आत घुसू पाहत असते. ही राखण करणाऱ्या एका यंत्राची आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाची ही हकीकत आहे. यंत्राचे नाव तेलाचा व्हॅक्यूम पंप. त्याला कोणी ओळखत नाही. नायिकेच्या मागे धावणारे कॅमेरे त्याच्यावर कधी रोखले जात नाहीत.

प्रथम ही पोकळी हवी कशाला ते पाहू. महाबळेश्वरला हवापालटासाठी जाणाऱ्या गृहिणींना ठाऊक असते की तेथे भात-डाळ शिजायला घरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांऐवजी पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळू लागते आणि डाळीला पुरती उष्णता मिळत नाही. प्रेशर कुकर याच्या उलट करतो. कारखान्यात महाबळेश्वरचीच युक्ती, पण फार पुढे नेतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो ५५ मिलिमीटरवर आणला तर पाणी ४० अंश सेंटिग्रेडलाच, म्हणजे अंघोळीच्या पाण्याइतके ऊन असतानाच, खळखळून उकळते! अॅनिलीन एरवी १८४ अंशांना उकळते. चाळीस मिलिमीटर दाबात ते सत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळून शुद्ध करून घेता येते. कमी आच, कमी इंधन, आणि मुख्य म्हणजे माल करपत नाही. औषधाच्या नाजूक भुकटीला शंभर अंशांची धग दिली तर ती कामातून जाण्याची भीती असते. तिला कोमट ठेवून वाळवायचे तर दाब कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

गूळ आणि साखर यांत रंगाचा जो भेद दिसतो त्याच्या मुळाशीही काही अंशी हेच आहे. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस उघड्यावर, शंभराच्या पुष्कळ वर आटतो आणि त्याला तो खमंग तांबूसपणा येतो. साखर कारखान्यात मात्र पाक बंद भांड्यात, हवा काढून, सत्तर अंशांच्या आसपास आटवतात. अर्थात साखरेच्या कारखान्यातले पंप निराळ्या जातीचे असतात. पॉलिएस्टरच्या मोठ्या कारखान्यांत शेवटच्या टप्प्याला दाब एक मिलिमीटरच्याही खाली न्यावा लागतो आणि ते काम बहुधा वाफेच्या झोतावर चालणारे इजेक्टर करतात. आपला तेलाचा पंप भेटतो तो औषधे वाळवणाऱ्या कपाटांपाशी, प्रयोगशाळांत, लहान-मध्यम कारखान्यांत. जेथे पोकळी चांगली खोल हवी, पण अवाढव्य नको.

पोकळीचा शोध हा मूळचा तमाशा होता असे म्हटले तरी चालेल. जर्मनीतील माग्डेबुर्गचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके याने १६५७ साली तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढायला लावले. ना खिळा, ना फासा. बाहेरची हवाच त्यांना आवळून धरीत होती. त्याचा पंप म्हणजे आपल्या पिचकारीचा थोरला भाऊ. पुढे एडिसनच्या काळी विजेच्या दिव्यांतली हवा पाऱ्याच्या पंपांनी काढीत, आणि एक दिवा रिकामा व्हायला तासांचे तास लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी वोल्फगांग गेडे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने फिरता पंप काढला. १९०५ मध्ये पाऱ्याचा आणि त्यानंतर काही वर्षांतच तेलाचा. आज पाताळगंगेच्या काठी जो पंप फिरतो तो त्याच घराण्यातला.

त्याची रचना समजायला इंजिनियर असण्याची जरूर नाही. एक गोल पोकळ डबा आडवा ठेवला आहे अशी कल्पना करा. त्याच्या आत दुसरा भरीव गोल लाट, पण मध्यभागी नाही, एका बाजूला सरकवून, असा की वरच्या अंगाला तो डब्याला जवळजवळ टेकतो. म्हणजे खाली चंद्रकोरीसारखी जागा उरली. लाटेत खाच पाडून दोन पाती बसवलेली असतात आणि स्प्रिंगने ती डब्याच्या भिंतीला सतत टेकून राहतात. लाट फिरू लागली की पात्यांमागची जागा मोठी होत जाते, तिकडून भांड्यातली हवा आत येते; पात्यांपुढची जागा लहान होत जाते, तेथे ती हवा दाबली जाते आणि शेवटी झडप उचलून बाहेर पडते. मिनिटाला शेकडो वेळा, दिवसरात्र हेच. पाहुण्यांना दारातून आत घ्यायचे, मागच्या दाराने काढायचे आणि पुढचे दार कधी मोकळे राहू द्यायचे नाही!

पण लाट जेथे डब्याला ‘जवळजवळ’ टेकते तेथे केसाहून बारीक फट असतेच. पाती आणि भिंत यांच्यामध्येही असते. हवेला तेवढी पुरे. येथे तेल कामाला येते. ज्यांच्या घरी पूर्वी पितळी स्टोव्ह होता त्यांना आठवत असेल, पंप मारूनही दाब चढेना म्हणजे वडीलमाणसे आतला चामडी वॉशर काढून त्याला दोन थेंब खोबरेल लावीत, आणि स्टोव्ह फुरफुरू लागे. तेच तत्त्व. तेल फट बुजवते, घर्षण कमी करते आणि उष्णता वाहून नेते. बाहेर काढणारी झडप तर तेलाच्या थराखालीच बुडवलेली असते, म्हणजे बाहेरची हवा उलटी येऊ म्हणेल तर तेलच तिला अडवील. एका टप्प्याचा असा पंप मिलिमीटरच्या शेकडाव्या हिश्श्यांपर्यंत पोहोचतो. दोन पंप एकामागे एक जोडले तर हजाराव्या हिश्श्यापर्यंत.

मात्र हे तेल म्हणजे मोटारीचे तेल नव्हे. काटकसरीच्या नावाखाली मोटारीचे तेल ओतणारे महाभाग भेटतात. निर्वात पंपाचे तेल मुद्दाम असे गाळलेले असते की त्यातला पटकन उडून जाणारा अंश काढून टाकलेला असावा. नाहीतर पंप भांड्यातली हवा काढील आणि तेलाची वाफच तेथे भरून राहील. शिवाय मोटारीच्या तेलात मळ आणि ओल पोटात धरून ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. मोटारीला ती उपकारक, पंपाला घातक. लिटरमागे वाचवलेले पैसे पुढे पात्यांच्या आणि फिटरच्या बिलात व्याजासकट वसूल होतात.

आता कोकणातल्या पंपाच्या खऱ्या वैऱ्याकडे वळू. तो म्हणजे पाणी. ओली भुकटी वाळवायची म्हणजे तिच्यातले पाणी वाफ होऊन पंपाकडेच येणार. हवा कितीही दाबली तरी ती हवाच राहते. वाफेचे तसे नाही. चालून चालून पंप सत्तर अंशांपर्यंत तापलेला असतो असे धरा. त्या उष्णतामानाला पाण्याची वाफ २३४ मिलिमीटरपर्यंत दाबता येते, त्यापुढे तिचे पाणी होते. आणि झडप उघडायला तर ७६० च्या वर दाब हवा! म्हणजे वाफ दारापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत तिचे पाणी होते आणि ते तेलात मिसळते. घुसळून घुसळून तेलाचे ताक होते. असे तेल फट बुजवीत नाही, पात्यांना नीट माखीत नाही, आतले पोलाद गंजवते, आणि फिरून आत गेले की त्यातले पाणी पुन्हा वाफ होऊन पोकळी बिघडवते. पंप चालू असतो, आवाजही होत असतो, पण गेजचा काटा हलत नाही.

या दुखण्यावरचा इलाजही गेडेनेच काढला. नाझी सत्तेवर आल्यानंतर त्याला कार्ल्सरूहची प्राध्यापकी गमवावी लागली होती. त्यानंतर १९३५ मध्ये त्याने ‘गॅस बॅलास्ट’ नावाची युक्ती शोधली. ऐकायला ती वेडगळ वाटते. जो पंप हवा काढण्यासाठी आहे, त्याच्याच पोटात एका बारीक छिद्रातून थोडी बाहेरची हवा मुद्दाम सोडायची! परंतु ही हवा सोडतात ती भांड्याकडचे दार बंद झाल्यानंतर, दाबण्याच्या वेळी. तिच्यामुळे दाब लवकर चढतो, वाफेचे पाणी होण्यापूर्वीच झडप उघडते, आणि वाफ हवेबरोबर बाहेर निघून जाते. गर्दीत अडकलेल्या म्हातारीला चार धटिंगण पोरांनी हाताला धरून दाराबाहेर पोहोचवावे, तसा हा प्रकार.

यात एक खोच आहे, आणि माझ्या मते पंप चालवण्याची सगळी परीक्षा त्या खोचेतच आहे. गॅस बॅलास्टची चावी उघडली की गेजवरची पोकळी दसपटीने, कधी त्याहूनही, वाईट दिसते. चावी बंद केली की काटा लगेच सुंदर जागी जाऊन बसतो. पाळी संपत आली आहे, साहेब फेरीवर निघाले आहेत, नोंदवहीत आकडा लिहायचा आहे. अशा वेळी चावी बंद करण्याचा मोह कोणाला होणार नाही? आकडा छान पडतो. पंपाचे तेल मात्र त्या घटकेपासून पाणी पिऊ लागते, आणि त्याचा भुर्दंड दोन दिवसांनी दुसऱ्याच कोणाच्या पाळीत उघडकीस येतो. जाणता ऑपरेटर वाईट आकडा तसाच लिहितो आणि पुढे ‘बॅलास्ट उघडा’ अशी टीप देतो. माल बराचसा कोरडा झाल्यावर तो चावी बंद करतो, आणि तेव्हाचा आकडा खरा धरतो.

एवढा काटेकोरपणा कोणाच्या जिवाशी निगडित आहे, असे कोणी विचारील. आपट्याच्या परिसरातच पाहा ना. कर्नाळ्याचे जंगल, भाताची खाचरे, आणि आषाढात गुडघाभर चिखलात लावणी करणारी माणसे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर मिळून एकच लस आपल्याकडे वापरतात. ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. पातळ स्वरूपात ती शीतकपाटातच टिकते. जेथे वीज येते-जाते अशा खेड्यातल्या दवाखान्यात तिचा काय भरवसा? म्हणून तिची भुकटी करतात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या लशीशी फार जुने जोडलेले आहे. भुकटीची कुपी थंड जागी वर्षानुवर्षे टिकते. वेळेला दहा मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवली की लस तयार.

ही भुकटी आचेवर होत नाही. द्रव गोठवून उणे चाळीस अंशांच्या आसपास नेतात आणि भोवतालची हवा काढून दाब मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणतात. साडेचार मिलिमीटरच्या खाली बर्फ वितळतच नाही, त्याची सरळ वाफ होते. कापूर जसा पाणी न होता उडून जातो, तसा तो उडतो. वाफ पंपापर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत अतिथंड नळ्यांवर तिला पुन्हा गोठवतात. हे काम दोन-दोन, तीन-तीन दिवस अखंड चालते. मध्येच पंपाने मान टाकली तर दाब चढतो, कुपीतला बर्फ वितळू लागतो आणि शेकडो कुप्यांचा घाणा एकदम टाकून द्यावा लागतो. लावणीच्या दिवसांत दवाखान्यात नेमकी तीच कुपी कमी पडणे म्हणजे काय, हे घोणस चावलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारावे.

तेव्हा पंपाची दिनचर्या ही रोगी माणसाच्या पथ्यासारखी सांभाळावी लागते. सकाळी पंप सुरू केला की लगेच कामाला जुंपायचा नाही. भांड्याकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून, बॅलास्ट उघडून, अर्धा तास नुसता फिरू द्यायचा. तेल तापते, रात्रीची ओल निघून जाते. काम संपल्यावरही तसेच, लगेच बटण दाबून घरी जायचे नाही; पुन्हा अर्धा-पाऊण तास रिकामा चालवून तेल कोरडे करायचे. पावसाळ्यात तर हे चुकवूच नये. ज्या हवेत पापड दुपारपर्यंत मऊ पडतात त्या हवेत पंप कोरडा राहील ही आशा कशी धरावी?

बंद करण्यालाही क्रम आहे. आधी भांड्याकडचा व्हॉल्व्ह बंद, मग मोटर बंद, आणि ताबडतोब पंपाच्या तोंडाशी हवा आत सोडायची. हे विसरले तर नळीतली पोकळी पंपातले तेल वर ओढून घेते आणि ते औषधाच्या भांड्याच्या रोखाने चढू लागते. नव्या पंपांत हे आपोआप अडवणारी झडप असते. जुन्या पंपांपाशी मात्र माणूसच झडप! महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगच्या वर्षांत वीज गेली की घरोघर मेणबत्त्या शोधायची धांदल उडे. त्याच क्षणी कारखान्यातला ऑपरेटर अंधारात चाचपडत हवेच्या चावीकडे धावत असे.

वीज परत आल्यावर आणखी एक धोका असतो. तीन तारांची मोटर असते. दुरुस्तीत कोणी दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरू लागते. पिठाच्या गिरणीची मोटर उलटी फिरली तर गिरणीवाल्याच्या ताबडतोब ध्यानात येते. पंप मात्र उलटा फिरून तेल भांड्याकडे ढकलू लागतो. म्हणून वायरमन हात लावून गेला की प्रथम क्षणभर बटण दाबून बाणाची दिशा पडताळायची, मगच पुढचे काम.

पंपाच्या अंगावर एक लहानशी काच असते. तिच्यातून तेल दिसते. वैद्य जशी जीभ पाहतात तशी जाणकार ही काच पाहतो. ताजे तेल फिकट मधासारखे. चहासारखे झाले म्हणजे वय झाले. काळा काढा दिसला तर ते जळले आहे किंवा त्यात मळ साचला आहे. ताकासारखे पांढुरके झाले तर पाणी शिरले आहे. थोडे पाणी असेल तर बॅलास्ट उघडून तासभर चालवल्याने ते निघून जाते आणि तेल पुन्हा निवळते. न निवळले तर बदलणे भाग आहे. पातळी खाली गेली तर तेल धुराबरोबर उडते आहे किंवा गळते आहे. आणि पातळी आपोआप वर चढली तर खूष होऊ नये! कोणते तरी द्रावण वाफ होऊन येऊन तेलात मुक्कामाला बसले आहे, असा त्याचा अर्थ.

तेल किती दिवसांनी बदलावे याला एकच उत्तर नाही. स्वच्छ कोरडी हवा ओढणाऱ्या पंपाला एक तेल महिनोन्‌महिने पुरते. आम्लाची वाफ ओढणाऱ्याला कधी आठवडाही पुरत नाही. बदलताना पंप गरम असतानाच तेल काढावे, म्हणजे तळाचा गाळ बरोबर येतो. मग थोडे नवे तेल घालून, घटकाभर फिरवून, तेही काढून टाकावे. रॉकेलने धुण्याची आपल्याकडच्या फिटरांना फार हौस. रॉकेल कोपऱ्याकपाऱ्यांत उरते आणि मग आठवडाभर वाफ होऊन छळते. खंडेनवमीला यंत्रे पुसून झेंडूच्या माळा घालण्याची आपली रीत चांगली आहे. त्या निमित्ताने बेल्टचा ताण, गाळणीतली भुकटी आणि मोटरच्या पंख्यावरची धूळ हीही पाहिली जातात. माळ तेवढी पंख्याच्या जाळीवर घालू नये.

पोकळी नीट होत नाही म्हटले की सर्वांचे बोट पंपाकडे जाते. वास्तविक बहुतेक वेळा गुन्हेगार निराळाच असतो. याची तपासणी मोठी मौजेची आहे. प्रथम पंपाच्या तोंडाशीच व्हॉल्व्ह बंद करून गेज पाहायचे. पंप एकटा असताना पोकळी उत्तम झाली तर तो निर्दोष, दोष पुढच्या नळ्यांत. मग भांडे रिकामे करून व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घड्याळ लावून दाब कसा चढतो ते दर मिनिटाला लिहायचे. सारख्या चालीने चढतच राहिला तर कोठेतरी छिद्र आहे. आधी भरभर चढून मग मंदावला आणि एका जागी थांबला तर छिद्र नाही. आत ओल आहे, ती वाफ होऊन दाब वाढवते आहे. एका कागदावरच्या पाच-दहा आकड्यांनी चोर बाहेरचा की घरातला ते कळते! बाहेरचा असेल तर तो बहुधा झाकणाच्या गॅस्केटमध्ये सापडतो. रबर वाळून चिरलेले असते, नाहीतर त्याच्यावर भुकटीचा एखादा कण बसलेला असतो. फडक्याने पुसले की काम झाले. आणि आदल्या पाळीत याच दोषासाठी सबंध पंप खोलून ठेवलेला असतो, हा भाग वेगळा.

काही गोष्टींत मात्र थट्टा नको. पंपातून निघणारा धूर घराबाहेर नळीने न्यायलाच हवा. त्यात तेलाचे तुषार असतात आणि द्रावणाची वाफही. शुद्ध प्राणवायू ओढायला साध्या खनिज तेलाचा पंप कधीही लावू नये, स्फोट होतो. बेल्टवरची जाळी काढून पंप चालवू नये. ओढणीचे टोक किंवा सदऱ्याची बाही ओढली जायला निमिष पुरते. आणि काढलेले तेल गटारात ओतू नये. त्यात काय काय विरघळलेले आहे हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, पिंपात साठवून परवानाधारकाकडे द्यावे लागते. आपट्याची नदी बारमाही असली म्हणून तिने सारे काही पोटात घ्यावे असे नाही. ती पुढे धरमतरच्या खाडीला मिळते आणि तेथे मासे धरणारी माणसे राहतात.

अलीकडे तेलावाचून चालणारे कोरडे पंप मोठ्या औषध कारखान्यांत येऊ लागले आहेत. तेलाची वाफ मालात जाण्याची भीती नाही, तेल टाकण्याची कटकट नाही. खरे आहे, पण किंमत भारी आणि बिघडले तर कोपऱ्यावरच्या फिटरच्या आवाक्याबाहेरचे. लहान कारखानदार अजून तेलाच्याच पंपावर भिस्त ठेवून आहे, आणि मला वाटते काही काळ तरी ठेवील.

हा पंप पाहायला आपट्यापर्यंत जाण्याचीही जरूर नाही. तो आपल्याच घरी येतो, पण आपण त्याच्याकडे पाहत नाही. नवा एअरकंडिशनर बसवताना मेकॅनिक जोडणीच्या तांब्याच्या नळ्या आणतो. त्या नळ्यांत हवा असते, हवेत ओल असते, आणि ती ओल आत राहिली तर कॉम्प्रेसरचे तेल बिघडते, आम्ल तयार होते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर बसतो. ती काढायला एक लहानसा तेलाचा पंप वीस-पंचवीस मिनिटे लावावा लागतो. तीस अंशांना पाणी बत्तीस मिलिमीटरला उकळते. चांगला मेकॅनिक दाब अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरवतो, म्हणजे ओलीचा टिपूस राहत नाही. पुष्कळ जण मात्र पंप न लावता थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ असे सांगतात आणि पाच मिनिटांत चहा पिऊन जातात. तेव्हा पुढच्या खेपेला पंप आणला आहे का ते विचारावे. आणला असेल तर व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटे काटा हलतो का ते पाहू द्या म्हणावे, आणि जाता जाता पंपाच्या काचेत डोकवावे. तेल ताकासारखे दिसले तर त्याला म्हणावे, ‘आधी तेल बदला, मग आमच्या नळ्यांना हात लावा.’